अण्णांचा दमा आणि अठ्ठेचाळीस साल

2020 च्या एप्रिलातली गोष्ट. लॉकडाऊन लागून महिना होत आला होता आणि माझ्या पुतण्याचा इनहेलर संपत आला होता. पोरगा चौदा वर्षांचा, दमा लहानपणापासून. चार मेडिकल पालथी घातली, पाचव्यात मिळाला. घरी येऊन तो टेबलावर ठेवला आणि तीर्थपुरीला अण्णांना फोन लावला. अण्णा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, तेव्हा सत्त्याऐंशीचे. दमा त्यांनाही लहानपणापासूनच. आमच्याकडे शेतीच्या वाटण्या झाल्या, दमा तेवढा सामाईक राहिला.

"लेकराला भ्या वाटायलंय का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, त्याच्यापेक्षा आम्हालाच जास्त.

जरा थांबून म्हणाले, "औषध सरत आलं की कसं होतं ते मला ठाऊक आहे. अठ्ठेचाळीस साली मी पंधराचा होतो."

अठ्ठेचाळीस साल मला शाळेतल्या भाषणांतून माहीत होतं. रझाकार, पोलीस ॲक्शन, 17 सप्टेंबरचं झेंडावंदन. एका दमेकरी पोराच्या बाजूने ते मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या लॉकडाऊनमध्ये रोज संध्याकाळी थोडं थोडं करत अण्णांनी सांगितलं.

आजचा जालना जिल्हा तेव्हा नव्हता, तो 1981 साली झाला. आमचा भाग निझामाच्या हैदराबाद संस्थानात, औरंगाबाद जिल्ह्यात होता. 15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला, पण निझाम भारतात यायला तयार नव्हता. नोव्हेंबरात 'जैसे थे' करार झाला, पण जैसे थे काहीच राहिलं नाही. लातूरचा वकील कासीम रझवी याच्या रझाकारांची दहशत खेडोपाडी पसरली. दुसरीकडे स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते सरहद्दीवरच्या कॅंपांतून करोडगिरी नाक्यांवर हल्ले करत होते. शाळा ओस पडल्या. सरकार नावापुरतं राहिलं.

या सगळ्यात अण्णांचा दमा दोन गोष्टींवर तगून होता. एक म्हणजे एफेड्रिनच्या गोळ्या. हे औषध मुळात चीनमधल्या एका झुडपातलं. 1885 साली जपानी शास्त्रज्ञ नागाई यांनी ते वेगळं काढलं आणि 1920 नंतर ते जगभर दम्यासाठी वापरात आलं. गोळ्या मुंबईहून मनमाडमार्गे रेल्वेने जालन्याला यायच्या आणि बाजाराला गेलेलं कुणीतरी त्या गावी आणायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे शेजारच्या बाजारगावातले हकीमसाहेब. ते धोत्र्याची वाळलेली पानं मोजून पुड्या करून द्यायचे. पानं निखाऱ्यावर टाकायची आणि धूर ओढायचा. ऐकून मला हसू आलं, पण नंतर वाचलं तर हा इलाज आपल्याकडूनच, मद्रासमार्गे 1802 च्या सुमारास इंग्लंडात गेला होता आणि तिथे पुढे शंभर-दीडशे वर्षं लोक धोत्र्याच्या सिगारेटी ओढत होते. धोत्र्यात ॲट्रोपिनच्या जातीची द्रव्यं असतात, त्यांनी आवळलेल्या श्वासनळ्या सैल पडतात. मात्रा चुकली की माणूस भ्रमतो, जास्त चुकली तर जातो. म्हणून पानापेक्षा पान मोजणारा माणूस महत्त्वाचा.

1948 च्या उन्हाळ्यापर्यंत गोळ्या बंद झाल्या. संस्थानाची नाकेबंदी झाली होती. औषधं आणि पाणी शुद्ध करायचं क्लोरीनही अडवलं जातंय, अशी हैदराबाद सरकारची तक्रार होती. भारत सरकारला ती मान्य नव्हती. कोण खरं बोलत होतं यावर पुस्तकं आहेत. अण्णांना एवढंच ठाऊक होतं की जालन्याच्या दुकानातली बरणी रिकामी झाली.

ज्यांना जमलं ती घरं वऱ्हाडात निघून गेली. दक्षिणेला पळून उपयोग नव्हता. गोदावरी ओलांडली तरी पलीकडे बीड, तेही निझामाचंच. उत्तरेला जालन्याच्या पुढे देऊळगावराजा गाठायचं म्हणजे बैलगाडीचा मोठा प्रवास, धुळीचा. अण्णांना तो झेपला नसता. थोरल्यांनी बैठक घेतली आणि घर गावातच राहिलं. "माझ्यापायी राहिलं," अण्णा म्हणाले. बहात्तर वर्षांनीही त्यांना हे वाक्य पूर्ण करायला दोनदा थांबावं लागलं, आणि ते दम्यामुळे नव्हे.

भादव्यात रोज हाकाटी व्हायची, रझाकार आले म्हणून. कधी खरी, बहुतेकदा खोटी. मग सगळी आळी रात्र काढायला जोंधळ्यात. जोंधळा पुरुषभर उंच झालेला, खाली चिखल, वर चांदणं. सगळे चिडीचूप, आणि मध्ये अण्णांची छाती वाजतेय. पहिल्या रात्री त्यांनी धोतराचा बोळा तोंडात कोंबला. दुसऱ्या रात्री कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, हे पोरगं आपल्या सगळ्यांना मारणार. म्हणणारा परका नव्हता, घरातलाच होता. तिसऱ्या रात्रीपासून पणजी अण्णांना घेऊन वेगळ्या शेतात बसायला लागली. दोघंच. खोकला आला तर मरण दोघांनाच यावं, एवढाच हिशेब.

कुणी आलं नाही. 13 सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या आणि 17 ला निझामाने शरणागती जाहीर केली. गावात गुलाल उधळला.

नेहमीची गोष्ट इथे संपते. अण्णांची संपत नाही. त्या धावपळीच्या दिवसांतही हकीमसाहेबांनी कुणाच्या तरी हाती पुड्या पाठवल्या होत्या. महिनाभराच्या, नेहमीपेक्षा जास्त, प्रत्येक पुडी वेगळी बांधून. 17 नंतर आठवडाभरात निरोप आला की बाजारगावात मुसलमानांची घरं फोडताहेत. आमच्याकडे गाडी होती, बैल होते. पणजोबा म्हणाले, दोन दिवस बघू. दोन दिवसांनी दुकानाची फळी उखडलेली होती आणि घराला कुलूप. कुणी म्हणे हैदराबादला गेले, कुणी काही म्हणे.

पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती नेहरूंनी त्याच वर्षाअखेरीस पाठवली होती. संस्थानात त्या दिवसांत मारले गेलेल्यांचा तिचा अंदाज 27 ते 40 हजार. अहवाल कित्येक दशकं बाहेर आला नाही. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत त्याने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड ही नावं घेतली. आमचा जिल्हा त्यात नाही. पण एक कुलूप आमच्या घरालाही ठाऊक होतं.

रझाकारांचा जुलूम खोटा नव्हता. अण्णा त्या जोंधळ्यात बसले होते, त्यांच्याइतकं ते कुणाला ठाऊक असणार? तरी ते म्हणाले, "ज्यांना भिऊन मी खोकला दाबला ते वेगळे, आन् ज्यानं मला श्वास दिला तो वेगळा. गावानं दोघांचा एकच हिशेब केला. आम्ही घरी बसून बघितला."

अण्णा जाऊन आता काही वर्षं झाली. दर 17 सप्टेंबरला ते झेंडावंदनाला जायचे, न चुकता, धुतलेली टोपी घालून. परत आले की दिवसभर फारसं बोलायचे नाहीत. पावसाळी हवेने छाती भरली असेल, असं आम्ही धरून चालायचो.

हकीमसाहेबांचं नाव काय होतं, हे मी शेवटच्या फोनवर विचारलं. त्यांना माहीत नव्हतं. सगळे हकीमसाहेबच म्हणायचे. आपल्यापैकी कुणी घरात ऐकलं असेल तर मला जरूर कळवा.