फोन ‘रूट’ करणे म्हणजे काय? कंपनीचे कुलूप उघडल्यावर काय मिळते आणि काय जाते?

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल फोन परत करायला सुरुवात केली. २०१९ मध्ये राज्यभर असे एक लाखाहून अधिक फोन वाटले गेले होते. त्यांत रॅम २ जीबी आणि साठवण १६ जीबी. मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारचे ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप आले आणि या फोनांचा जीव मेटाकुटीला आला. फोन तापायचे, अडकायचे, माहिती भरता भरता ॲप बंद पडायचे. हमीची मुदत संपलेली असल्याने दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या मानधनातून जात होता. ॲपमध्ये मराठी नाही, ही तक्रार वेगळीच.

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत ही गोष्ट नुसत्या गैरसोयीची नव्हती. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी भागात कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंची बातमी देशभर गाजली होती. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. या डोंगराळ पाड्यांवर कोणत्या बाळाचे वजन घटले, हे वेळेवर कळणे किती महत्त्वाचे आहे ते वेगळे सांगायला नको. ते वजन नोंदवायचे फोनात, आणि फोन चालत नाही. त्यात अनेक पाड्यांवर नेटवर्कसाठी टेकडी चढावी लागते.

असा रखडणारा फोन हातात आला की घरातला किंवा ओळखीतला कोणी तरी जाणकार हमखास सुचवतो, ‘रूट करून टाका, नवी रॉम टाका, पळायला लागेल.’ हा सल्ला कधी बरोबर असतो, कधी अंगाशी येतो. त्यासाठी आधी कुलूप कुठे असते ते पाहू.

कुलूप नेमके कुठे असते?

फोन सुरू होताना सर्वांत आधी बूटलोडर नावाचा एक छोटा प्रोग्राम चालतो. वाड्याच्या देवडीवरच्या पहारेकऱ्यासारखे त्याचे काम. आत येणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर कंपनीची डिजिटल मोहर आहे का, हे तो तपासतो. मोहर नसेल तर फोन सुरूच होत नाही. या पहारेकऱ्याला ‘मोहर तपासू नकोस’ असे सांगणे म्हणजे बूटलोडर अनलॉक करणे.

त्यानंतरची पायरी रूटची. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा आहे आणि लिनक्समध्ये सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याला ‘रूट’ म्हणतात. नव्या फोनाचा खरेदीदार हा त्या फोनात भाडेकरूसारखा असतो. भिंतीला रंग द्या, सामान लावा, पण भिंत पाडायची नाही. कंपनीने आधीच भरलेली नको असलेली ॲप काढू न देणे, हा त्याचाच एक प्रकार. रूट मिळाले की घरमालकाची किल्ली हातात येते. आज हे काम बहुतेक जण मॅजिस्क या २०१६ मध्ये आलेल्या साधनाने करतात. तिसरी पायरी कस्टम रॉमची, म्हणजे कंपनीची सगळी सिस्टिम काढून दुसरी बसवण्याची. या प्रकारात सायनोजेनमॉड गाजले. २०१६ च्या शेवटी ते बंद पडले आणि त्यातूनच लिनिएजओएस उभे राहिले.

आयफोनच्या बाबतीत याला ‘जेलब्रेक’ म्हणतात. २००७ मध्ये जॉर्ज हॉट्झ या १७ वर्षांच्या अमेरिकन मुलाने नवाकोरा आयफोन दुसऱ्या कंपनीच्या सिमवर चालवून दाखवला होता. ते मात्र सिमचे कुलूप होते, सिस्टिमचे नव्हे. ही दोन्ही कुलुपे लोक सर्रास एकच समजतात. आपल्याकडे सिमचे कुलूप बहुतेक फोनांना नसते. ठळक अपवाद २०१७ मध्ये १,५०० रुपयांच्या अनामत रकमेवर मिळालेल्या जिओफोनचा, त्यात जिओचेच सिम चाले.

मराठी वाचता यावे म्हणून रूट

या उद्योगाला आज टवाळ पोरांचा छंद मानले जाते. पण एक काळ असा होता की मराठी माणसाला स्वतःची भाषा वाचण्यासाठी फोन रूट करावा लागे.

सुरुवातीच्या अनेक अँड्रॉइड फोनांत देवनागरी फॉन्टच नव्हता. मराठी संकेतस्थळ उघडले की पडद्यावर चौकोनांच्या रांगा दिसत. फॉन्ट ठेवायची जागा सिस्टिमच्या आत, आणि तिथे जायला रूट लागे. म्हणून लोक फोन रूट करून मूळ फॉन्टच्या फाइलच्या जागी देवनागरी अक्षरे असलेली फाइल ठेवत. एवढे करूनही अक्षरे धड जुळत नसत. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर येई, जोडाक्षरे फुटून पाय मोडलेली अक्षरे दिसत. नुसता फॉन्ट पुरत नाही, अक्षरे जुळवणारे इंजिनही लागते, हे तेव्हा अनेकांना कळले. ज्यांना रूटची भीती वाटे, ते ऑपेरा मिनीच्या आतल्या सेटिंगमध्ये जाऊन अवघड लिप्या चित्ररूपात दाखवण्याचा पर्याय निवडत. पान जड होई, पण मराठी वाचता येई.

२०११ च्या अँड्रॉइड ४.० पासून देवनागरी हळूहळू नीट दिसू लागली. फोनचा सगळा मेनू मराठीत मिळायला मात्र २०१४ चे अँड्रॉइड ५.० यावे लागले. कंपनीने जे द्यायला उशीर केला, ते लोकांनी कुलूप उघडून आधी मिळवले. रूटच्या बाजूने याहून चांगला दाखला सापडणे कठीण.

मग अडचण कुठे येते?

अडचण अशी की पहारेकरी दोघांची राखण करतो. कंपनीचे नियंत्रण तो सांभाळतो आणि वापरणाऱ्याचे पैसेही. त्याला हटवले की दोन्ही राखणी एकदम जातात, एक ठेवून दुसरी सोडता येत नाही.

बूटलोडर अनलॉक करताना फोनातील सगळी माहिती पुसली जाते. हे मुद्दामच तसे ठेवलेले आहे, कारण नाहीतर चोराला कुलूप उघडून फोटो आणि संदेश वाचता आले असते. त्यानंतर बँकांची आणि यूपीआयची अनेक ॲप हटून बसतात. गुगलची ‘प्ले इंटेग्रिटी’ ही यंत्रणा ॲपला सांगते की या फोनाची मोहर शाबूत नाही, आणि ॲप उघडत नाही. यावर पळवाटा निघतात, काही महिन्यांत त्या बंद होतात, पुन्हा नव्या निघतात. ज्याच्याकडे दोन फोन आहेत त्याला हा खेळ परवडतो.

जव्हार-मोखाड्यात दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला जातात. अशा घरात फोन एकच असेल, तर मजुरीचे पैसे त्याच्यावर येतात, मुलाचा अभ्यास त्याच्यावर होतो, रेशनचा आणि बँकेचा ओटीपीही त्याच्यावरच. तो फोन अर्धवट प्रयोगात ‘विटेसारखा’ निपचित पडला तर काय काय थांबेल, याचा हिशेब आधी करायला हवा. वाहतूक चलनाच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणाऱ्या बनावट एपीके फाइलींनी साध्या फोनांतूनही लोकांचे पैसे गेले आहेत. रूट केलेल्या फोनात अशा फाइलीला चुकून सर्वाधिकार दिला गेला, तर तिला अडवणारे कोणी उरत नाही.

कंपन्याही दरवाजे बंद करत चालल्या आहेत. हुआवेने २०१८ मध्ये अनलॉक कोड देणे थांबवले. शाओमीच्या फोनांना अर्ज करून दिवसेंदिवस वाट पाहावी लागते. सॅमसंगच्या बहुतेक फोनांत अनधिकृत सिस्टिम टाकली की आतला एक सूक्ष्म फ्यूज कायमचा उडतो. नंतर मूळ सिस्टिम परत टाकली तरी तो जुळत नाही, आणि त्या फोनातील सुरक्षित फोल्डरसारख्या सोयी कायमच्या जातात.

अंगणवाडीचा फोन रूट केला असता तर?

फारसा फरक पडला नसता. नको असलेली ॲप काढून थोडी जागा मोकळी झाली असती, पण २ जीबी रॅमची ४ जीबी होत नाही. कस्टम रॉमही प्रत्येक फोनासाठी वेगळी बनवावी लागते. ती बनवणारे स्वयंसेवक खप मोठा असलेल्या मॉडेलांवर काम करतात, सरकारी खरेदीतल्या स्वस्त फोनांकडे त्यांचे लक्ष क्वचितच जाते. आणि मुख्य म्हणजे फोन सेविकेचा नव्हताच. सरकारी मालमत्तेची सिस्टिम बदलली आणि नोंदी गेल्या, तर जाब तिलाच विचारला गेला असता. लाभार्थी बालकांची आणि मातांची माहिती त्यात असते ती निराळीच.

तेव्हा फोन परत करणे, हाच खरा उपाय होता. त्या कुलपाची किल्ली तांत्रिक नव्हती. फेब्रुवारी २०२३ च्या राज्यव्यापी संपातही नवा फोन ही एक प्रमुख मागणी होती. पुढे कामाचा भार वाढलाच. १ जुलै २०२५ पासून घरी नेण्याचा आहार देताना लाभार्थ्याचा चेहरा ॲपमध्ये ओळखून घेणे सक्तीचे झाले. म्हणजे आता चांगला कॅमेराही हवा आणि नेटवर्कही.

स्वतःचा जुना फोन असेल तर रूट न करताही बरेच काही करता येते. फॅक्टरी रीसेट, मोजकीच ॲप, जिथे मिळतील तिथे त्यांच्या हलक्या आवृत्त्या. कंपनीची न काढता येणारी ॲपसुद्धा फोन संगणकाला जोडून त्या वापरकर्त्यापुरती बंद करता येतात, त्यासाठी बूटलोडरला हात लावावा लागत नाही. ज्या फोनावर बँक नाही, सिमही नाही, असा जुना फोन मात्र शिकण्यासाठी उत्तम. लिनिएजओएसच्या यादीत तो असेल तर त्याला आणखी काही वर्षे मिळू शकतात.

कायदा काय म्हणतो?

स्वतःच्या मालकीचा फोन रूट करण्यावर भारतात थेट बंदी नाही. हमी मात्र जाऊ शकते. आयएमईआय बदलणे ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. ‘अनलॉक’च्या नावाखाली हेही करून देतो म्हणणारे भेटतात. दूरसंचार कायदा, २०२३ नुसार या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हप्त्यावर घेतलेल्या फोनाला वित्त कंपनीने लावलेले कुलूपही रूटच्या विषयात येत नाही. ते तोडले तरी कर्ज फिटत नाही आणि करारभंग होतो.

जुना फोन विकत घेताना दुकानातच तो एकदा बंद करून सुरू करून पाहावा. बूटलोडर उघडा असेल तर बहुतेक फोनांत सुरुवातीलाच तसा इशारा काही सेकंद झळकतो, आणि तोच नेमका घाईत नजरेतून सुटतो. मग *#०६# दाबून आलेला आयएमईआय क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरे, मग मोकळी जागा आणि तो क्रमांक असा एसएमएस १४४२२ वर पाठवला की फोनाचे मॉडेल आणि तो काळ्या यादीत आहे का, हे कळते. उत्तरात आलेले मॉडेल हातातल्या फोनाशी जुळत नसेल, तर किंमत कितीही कमी असो, तो फोन दुकानातच ठेवावा.