मुदत संध्याकाळी ५ ची

जून २००८. एका शिक्षणसंस्थेचा प्रवेश अर्ज ऑनलाइन भरायचा शेवटचा दिवस. अर्जाचं पान पुण्यातल्या एका छोट्या ऑफिसात तयार झालं होतं आणि मी तिथं मजकुराचं काम बघत असे. त्या दिवसाचा हा घटनाक्रम.

सकाळी ९ (मुदतीला ८ तास). पानाचं नवं रूप चढवलं. एकूण रुंदी ९६० पिक्सेल. डावीकडे २० ची मोकळी जागा, मग सूचनांची २२० ची पट्टी, उरलेल्या ७२० मध्ये अर्ज. बेरीज काठोकाठ. फायरफॉक्समध्ये पान देखणं दिसलं आणि ऑफिसातली मुलं पुढच्या कामाला लागली.

सकाळी १०:४० (६ तास २० मिनिटं). अंबाजोगाईकडच्या एका नेट कॅफेतून फोन. "सर, उजवीकडं नुसतं पांढरं दिसायलंय. पोरं कवाची येऊन बसलीत."

सकाळी ११:३०. अकाउंट्सच्या टेबलावर एक जुना संगणक होता, त्यावर इंटरनेट एक्स्प्लोरर ६. त्यात पान उघडलं आणि कॅफेवाला म्हणत होता तेच समोर आलं. उजवी बाजू रिकामी, अर्ज घसरून सूचनांच्या खाली. २००१ साली आलेल्या या ब्राउझरचा हा प्रसिद्ध दोष. डावीकडे तरंगता ठेवलेला चौकोन ओळीत पहिला असेल, तर त्याची डावीकडची मोकळी जागा तो दुप्पट धरतो. २० चे ४० झाले, बेरीज ९८० वर गेली, अर्जाला शेजारी जागा उरली नाही.

"एवढा जुना ब्राउझर आता कोण वापरतं?" असं कुणीतरी म्हणालं. तालुक्यातला प्रत्येक दुसरा कॅफे वापरत होता! पुढची आवृत्ती २००६ मध्ये आली खरी. पण विंडोजची प्रत अस्सल असल्याशिवाय ती बसत नसे. ही अट ऑक्टोबर २००७ मध्ये उठली, आणि त्यानंतरही चालत्या मशीनला हात लावायला कॅफेवाले तयार नव्हते. त्यांचं काही चुकत नव्हतं.

दुपारी १२ (५ तास). फोन करणाऱ्या प्रत्येकाला सांगणं सुरू झालं, "पान खाली सरकवा, अर्ज तिथं आहे." अर्ज येऊ लागले. दिवस इथंच सावरला होता.

दुपारी २:३० (अडीच तास). दोषावरचा उपाय सगळ्यांना ठाऊक होता. सूचनांच्या पट्टीला 'डिस्प्ले इनलाइन' अशी एक ओळ लावायची. अकाउंट्सच्या संगणकावर तपासलं. अर्ज जागेवर आला.

दुपारी ३:०५ (१ तास ५५ मिनिटं). फाइल चढवताना, बदल कधी आणि कशासाठी केला याची एक ओळीची टीप फाइलच्या अगदी माथ्यावर लिहिली गेली, डॉकटाइपच्याही वर. चढवलं. तपासलं ते फायरफॉक्समध्ये. अकाउंट्सच्या टेबलापर्यंत पुन्हा कुणी गेलं नाही.

पान कोणत्या नियमांनी मांडायचं ते ब्राउझर डॉकटाइप बघून ठरवतो. त्याच्या आधी टीप दिसली की एक्स्प्लोरर ६ नवे नियम सोडतो आणि स्वतःच्या आधीच्या आवृत्तीसारखा वागू लागतो. आतली मोकळी जागा तो चौकोनाच्या मापातच धरतो. अर्जाचा चौकोन रुंदीत ४० पिक्सेलनं आक्रसला, उंचीतही ४० नं. अर्ज तक्त्यात मांडलेला होता; त्यातल्या अक्षरांना बाहेर दिलेला आकार पोचेना, ती मोठी झाली, ओळी वाढल्या. चौकोनाची उंची बांधलेली होती आणि उरलेलं झाकून टाकायची सूचना होती. शेवटच्या ओळीत 'अर्ज पाठवा' हे बटण होतं. ते झाकलं गेलं.

दुपारी ३:३० (दीड तास). त्याच कॅफेतून फोन. "सर, आता फॉर्म दिसायलाय, पण बटनच नाही." ऑफिसातून उत्तर गेलं, "खाली सरकवा." खाली काहीच नव्हतं.

दुपारी ४. फोन सतत वाजत होता. सगळे जण त्या पट्टीची नवी ओळ उलटसुलट तपासत होते. ती बरोबरच होती, म्हणून काही सापडेना.

अर्ज मात्र जिवंत होता. नावाच्या रकान्यात कर्सर ठेवून एंटर दाबलं असतं, तरी तो गेला असता. झाकलेल्या बटणानं तेवढं काम केलं असतं. फोनवर हे एकालाही सांगितलं गेलं नाही, आणि या दिवसातली मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट हीच आहे.

दुपारी ४:४० (२० मिनिटं). जुनी फाइल परत चढवायचं ठरलं. अर्ज पुन्हा घसरेल, पण बटण तरी दिसेल. निर्णय योग्य होता.

दुपारी ४:५२. जुनं पान सुरू. पण भरलेली माहिती पुसली गेली होती. मुलांनी पहिल्या रकान्यापासून पुन्हा भरायला घेतलं.

संध्याकाळी ५. सर्व्हरनं अर्ज घेणं बंद केलं.

नव्या फाइलच्या माथ्यावरची टीप संध्याकाळी सापडली, ती काढून फाइल पुन्हा चढवली. पान सगळीकडे नीट दिसू लागलं. मुदत वाढवून द्या, असं संस्थेला कळवलं गेलं होतं. संस्थेनं ती वाढवली नाही.

एक्स्प्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला, पण अर्ज आजही जुन्या फोनवरून भरले जातात. प्रवेशाचं काम बघणाऱ्यांना माझी विनंती आहे: शेवटच्या दिवशी पान बिघडलं, तर उशीर पानानं केलेला असतो. त्या मुलांना एक दिवस वाढवून द्या.