कड्यावरचं चर्च : डनिचचं एक जुनं छायाचित्र कसं वाचावं

आज आपल्याला एकच छायाचित्र बघायचं आहे, पण जरा सावकाश.

पडद्यावर दिसतंय ते इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं, सफोक परगण्यातल्या डनिच गावचं ऑल सेंट्स चर्च. डावीकडे चौकोनी मनोरा. त्याला लागून बिनछपराच्या भिंती, रिकाम्या खिडक्या. उजवीकडे मात्र भिंती एकदम तुटतात. तिथे कडा संपतो आणि खाली समुद्र सुरू होतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या चर्चची अशी छायाचित्रं पुष्कळ निघाली, त्यांची पोस्टकार्डंही झाली. त्यांतलंच हे एक.

आता, यावर तारीख नाही. मग काळ कसा ठरवायचा?

पहिला पुरावा चित्रातच आहे. इंग्लंडमधली जुनी चर्चं साधारणपणे पूर्वाभिमुख असतात. म्हणजे वेदी पूर्वेच्या टोकाला आणि मनोरा बहुधा पश्चिमेला. डनिचचा समुद्रही पूर्वेलाच. त्यामुळे झालं काय, की समुद्रानं हे चर्च वेदीकडून खायला सुरुवात केली. 1904 च्या सुमारास कडा पूर्वेच्या भिंतीपर्यंत आला. पुढच्या पंधरा वर्षांत एकेक भाग खाली गेला आणि शेवटी, 1919 मध्ये, मनोरा. म्हणून दोन छायाचित्रं शेजारी ठेवली की भिंत जास्त शिल्लक आहे ते आधीचं, कमी आहे ते नंतरचं. आपल्या चित्रात पूर्वेचं टोक गेलंय पण मनोरा उभा आहे, अर्थात हे 1904 ते 1919 च्या मधलं. इमारतीचं कॅलेंडरच झालं म्हणा ना!

दुसरा पुरावा पाठीमागे असतो. छायाचित्र उलटून बघायची सवय आपल्याला फार कमी. ब्रिटनमध्ये 1902 पासून पोस्टकार्डाच्या मागच्या बाजूचे दोन भाग करून एकीकडे पत्ता आणि दुसरीकडे मजकूर लिहायला परवानगी मिळाली. त्याआधी ती अख्खी बाजू पत्त्यासाठीच असे. तेव्हा मागे मधोमध रेघ असेल तर कार्ड 1902 च्या आधीचं नाही. तिकिटावर सातव्या एडवर्डचा चेहरा आहे की पाचव्या जॉर्जचा, हेही बघायचं; एडवर्ड 1910 मध्ये वारला. अर्ध्या पेनीचं तिकीट असेल तर बहुधा जून 1918 च्या आधीचं, कारण तेव्हा दर वाढून एक पेनी झाला. पण सावध राहायचं. ही सगळी कार्डाच्या प्रवासाची तारीख झाली. छायाचित्र त्याच्या कितीतरी आधी काढलेलं असू शकतं. दुकानदार जुनीच काच वापरून वर्षानुवर्षं कार्डं छापत असत.

इथवर तारखेचं झालं. आता खरा प्रश्न. हे चित्र आपल्याला काय सांगतं, आणि काय सांगत नाही?

पाहताक्षणी मनात येतं ते असं : गावचं चर्च, लोक प्रार्थनेला जमत असत आणि समुद्रानं येऊन ते गिळलं. तसं झालं नाही. कडा चर्चपर्यंत पोचला त्याच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधी, अठराव्या शतकाच्या मध्याला, इथली उपासना बंद पडली होती. छप्पर उतरलं समुद्राच्या लाटेनं नव्हे, तर माणसं पाठ फिरवून गेल्यामुळे.

ती का गेली, यासाठी मागे जावं लागतं. 1086 च्या डूम्सडे पाहणीत डनिच हे मोठं बंदर आहे. अभ्यासक वस्तीचा अंदाज तीन हजारांच्या आसपास देतात. त्याच पाहणीत अशीही नोंद आहे, की पूर्वी दोन नांगरांची जमीन होती, आता एकाचीच उरली, बाकीची समुद्रानं नेली. पुढे 1286 आणि 1328 ची मोठी वादळं झाली. जमीन तर गेलीच, पण त्याहून घात झाला तो वेगळाच : गाळानं बंदराचं तोंड बुजलं आणि नदीनं उत्तरेला नवी वाट धरली. जहाजं तिकडे गेली, जहाजांमागून व्यापारी गेले. म्हणजे शहर बुडण्याआधी त्याचा धंदा बुडाला.

चर्चचा संबंध इथे येतो. पॅरिश चर्च, वसईकडच्या मराठीत सांगायचं तर धर्मग्रामाचं चर्च, ही नुसती प्रार्थनेची जागा नव्हती. 1538 पासून बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी तिथेच ठेवायचा हुकूम होता. गरिबांच्या मदतीचा हिशेब तिथेच, आणि इमारतीच्या डागडुजीचा बराच भार पॅरिशमधल्या लोकांच्या माथी. लोकच मोजके उरले तर गारगोटीच्या दगडांची एवढी मोठी इमारत सांभाळणार कोण? ती परवडेना, म्हणून सोडली. गंमत बघा, इतकं गाव ओस पडलं तरी 1832 च्या सुधारणा कायद्यापर्यंत डनिचकडून संसदेत दोन सदस्य जात होते. शेवटी मतदार उरले होते तीसएक! कागदावरचं गाव खऱ्या गावापेक्षा जास्त टिकलं.

म्हणून आमचं म्हणणं असं, की हे छायाचित्र चर्चच्या मरणाचं नाही. ते आधीच झालं होतं. हे अवशेषाचं छायाचित्र आहे, आणि तेही काढलं गेलं कारण अवशेष पडत होता. कॅमेरे होते तेव्हाही उभ्या, चालत्या चर्चचं चित्र इथे मिळणारच नव्हतं. पडझड बघायला येणाऱ्या पाहुण्यांना कार्ड विकायचं, हा यामागचा हेतू. तो कळला की चित्र खोटं ठरत नाही, उलट नीट कळतं.

आजही लोक सांगतात की वादळी रात्री पाण्याखालून चर्चच्या घंटा ऐकू येतात. पाणबुड्यांनी आणि साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या ध्वनिलहरींच्या पाहणीनं समुद्रतळाशी जे दाखवलं ते वेगळं आहे : विखुरलेले दगड, कोसळलेल्या भिंतींचे ढिगारे. जमिनीवर उरला तो मनोऱ्याचा एक आधारखांब. तो वेळेवर हलवून गावातल्या नव्या, सेंट जेम्स चर्चच्या आवारात उभा केला आहे.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी गावच्या देवळाची, वाड्याची, चर्चची जुनी छायाचित्रं असतील. ती ट्रंकेतून काढा. आधी मागची बाजू वाचा. मग बघा, त्या चित्रात आज नसलेलं काय आहे. आणि जे सांगू शकतील अशी वडीलधारी माणसं आहेत तोवर, मऊ पेन्सिलीनं मागे लिहून ठेवा : गाव, जागा, आणि हे कशासाठी काढलं होतं. शेवटची गोष्ट चित्रात कधीच दिसत नाही.

प्रश्न असतील तर आता विचारा.