लाइपझिगमधील लेंट

लेंट : राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंतचा, रविवार वगळून ४० दिवसांचा काळ. धर्मसुधारक ल्यूथरने उपवासालाच विरोध केला असे सरसकट लिहिले जाते, ते बरोबर नाही. उपवासाने पुण्य गाठीला बांधता येते, या समजुतीला त्याचा विरोध होता. १५२९ च्या ‘लघु प्रश्नोत्तरावली’त प्रभुभोजनापूर्वीचा उपवास ही चांगली बाह्य शिस्त असल्याचे तो सांगतो, खरी पात्रता मात्र विश्वासानेच येते. साहजिकच ल्यूथरन परंपरेत काय खावे-न खावे यापेक्षा ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या चिंतनाला अधिक महत्त्व आले.

संगीतकार बाखच्या ल्यूथरन लाइपझिगमध्ये हा काळ कानांना जाणवे. एरवी रविवारच्या उपासनेत वाद्यवृंदासह होणारे कॅन्टाटा या आठवड्यांत बंद असत. अपवाद २५ मार्चचा, देवदूताने मरियेला दिलेल्या निरोपाचा सण. त्यानंतर गुड फ्रायडेच्या सायंउपासनेत ख्रिस्ताच्या दुःखसहनावरचे पॅशनसंगीत होई, दोन भागांच्या मध्ये प्रवचन. ७ एप्रिल १७२४ रोजी सेंट निकोलस चर्चमध्ये ‘सेंट जॉन पॅशन’ प्रथम झाले. त्याचा पहिलाच समूहस्वर इतक्या आठवड्यांनंतर कानांवर पडल्यावर काय झाले असेल, हे आज तिकीट काढून सभागृहात बसणाऱ्याला उमगणे कठीण आहे.