तखेलेत आणि आपली नीळ

सकाळचा शेमा केव्हापासून म्हणावा? मिश्नाची पहिलीच मसेखेत, बराखोथ, पहिल्याच अध्यायात हा प्रश्न विचारते. उत्तर रंगाचे आहे: तखेलेत आणि पांढरा यांतला फरक डोळ्यांना कळू लागला की म्हणावा. रब्बी एलिएझेर यांचे मत थोडे कडक. ते म्हणतात, तखेलेत आणि पातीचा हिरवा यांतला फरक कळला पाहिजे. ज्याने कधी पहाटे उठून कपडे वेचले आहेत त्याला हे पटेल. निळा आणि पांढरा अंधुक उजेडातही वेगळे दिसतात. निळा आणि हिरवा ओळखायला मात्र चांगले फटफटावे लागते.

रंगांची नावे कोणत्याही भाषेत एका जागी स्थिर राहिलेली नाहीत. हिब्रूतला ‘यारोक’ पूर्वी हिरव्यापासून पिवळ्यापर्यंत सगळे सामावून घेई. आज निळ्याला आपण इथे ‘कहोल’ म्हणतो, पण तो शब्द डोळ्यांत घालायच्या सुरम्यावरून आला, म्हणजे मूळचा काळसरच. मराठीत तरी निराळे काय आहे? पावसाने भरून आलेल्या काळ्या ढगाला आपण घननीळ म्हणतोच.

तखेलेत हा नुसता रंग नव्हे, तो समुद्रातल्या प्राण्यापासून काढलेला रंग. गणना १५:३८ मध्ये वस्त्राच्या टोकांच्या सिसिथमध्ये तखेलेतचा धागा घालण्याची आज्ञा आहे. सगळ्या रंगांत हाच का, याचे कारण रब्बी मेईर यांनी सांगितले आहे: तखेलेत समुद्रासारखा, समुद्र आकाशासारखा आणि आकाश देवाच्या सिंहासनासारखे. कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला यातली पहिली पायरी समजावून सांगावी लागत नाही.

हा रंग फार महाग. १९०९ साली पाउल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने जांभळा रंग देणारे बारा हजार समुद्री शंख वापरले, तेव्हा त्याच्या हाती १.४ ग्रॅम रंग लागला. राजेरजवाड्यांनाच परवडावा असा हा माल. एस्तेरच्या पुस्तकात मोर्दखाय राजवाड्यातून बाहेर येतो तो तखेलेत आणि पांढरे वस्त्र लेवून. (आपल्या आजोबा-पणजोबांनी पुरीमला ‘होळीचा सण’ म्हटले. शेजारी रंग खेळत तेव्हाच मोर्दखायही रंगीत वस्त्रात बाहेर पडतो, हे मला फार गोड वाटते.)

माल महाग असला की नकली माल येणारच. तालमूदमध्ये त्या नकली रंगाला ‘काला इलान’ म्हणतात. यातला ‘काला’ आपला काळा नव्हे, नुसता उच्चार सारखा. काला इलान म्हणजे झाडाची नीळ. ग्रीक लोक निळीला ‘इंडिकोन’ म्हणत, म्हणजे हिंदुस्थानचा पदार्थ, आणि इंग्रजांचे इंडिगो त्यावरूनच आले. जी नीळ आपल्या घरी पांढऱ्या कपड्यांना देत आणि चुन्यात कालवून भिंतींना लावत, तिचेच हे नाव. पुढे बाजारात रसायनाची नीळ आली, तरी नाव झाडाचेच राहिले.

बाबा मेसिआमध्ये सक्त ताकीद आहे. मिसरात कोण प्रथमजन्मलेला आणि कोण नाही हे ज्याने ओळखले, तोच देव नीळ लावलेला धागा तखेलेत म्हणून मिरवणाऱ्याला ओळखेल. माणसाच्या डोळ्याला दोन्ही धागे एकसारखेच दिसत, म्हणूनच देवाचे नाव घ्यावे लागले. पारखण्याची एक रीतही मेनाखोथमध्ये दिली आहे: तुरटी आणि मेथीचे पाणी यांत धागा रात्रभर भिजवायचा आणि सकाळी रंग उतरला का ते पाहायचे. त्यात तिसराही एक पदार्थ लागतो, पण तो चाळीस दिवस साठवलेला असावा लागतो आणि त्याचे नाव या पानावर न लिहिलेले बरे.

सातव्या शतकाच्या सुमारास तखेलेत काढण्याची विद्या लोपली आणि सिसिथ पांढरे राहिले. पुढे इस्राएलचे मुख्य रब्बी झालेले यित्झाक हेर्झोग यांनी तरुणपणी, १९१३ साली, याच विषयावर प्रबंध लिहिला. पण त्या शंखाचा रंग जांभळट येई, निळा येईना. १९८०च्या दशकात रामात गानच्या शेंकार कॉलेजात ऑटो एल्स्नर यांच्या लक्षात आले की रंगाचे द्रावण उन्हात ठेवले की तोच रंग निळा होतो. उन्हाने त्यातले ब्रोमिन सुटते आणि मागे उरते ती रसायनाने शुद्ध नीळ, अगदी झाडातल्या निळीसारखी! शंखातली आणि झाडातली यांचा रेणू एकच. पारख करणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या फरक दिसला नाही यात नवल नाही. हलाखा मात्र रेणू पाहत नाही, रंग कुठून आला ते पाहते. तो तिचा हक्क आहे.

खरे आणि नकली यांची अशी पारख माणसांचीही झाली. आपल्यातच ‘गोरे इस्राएल’ आणि ‘काळे इस्राएल’ असा भेद होता. तो कातडीचा नव्हता. मिश्र विवाहातून आलेल्यांना काळे म्हणत आणि त्यांच्याशी रोटी-बेटीचा व्यवहार नसे. मग १९६२ साली इथल्या मुख्य रब्बिनातने बेने इस्राएलांच्या लग्नाआधी मागच्या पिढ्यांची चौकशी करण्याचा आदेश काढला, तेव्हा तेच माप आपल्या अंगाला लागले. १९६४च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला आपल्या लोकांनी धरणे धरले, विषय क्नेसेटपर्यंत गेला आणि त्या आदेशातून आपले नाव निघाले. ज्यांनी तो उन्हाळा पाहिला त्यांनी तो नातवंडांना जरूर सांगावा, आणि गोऱ्या-काळ्याची गोष्टही त्याच बैठकीत सांगावी.

पांढऱ्याबद्दल थोडेच लिहितो. कोकणात शेजारच्या हिंदू घरांत पांढरे लुगडे विधवेचे. आपल्या बायका मात्र दारफळणीच्या सणाला, म्हणजे किप्पूरला, नवरा शेजारी उभा असताना पांढरे नेसत. कफनाचा रंगही तोच, पण त्याचा अर्थ शुद्धतेचा.

आता इथल्या झेंड्यावर निळा-पांढरा आहे, तोही टालेथच्या पट्ट्यांवरून घेतलेला. ‘कहोल-लावान’ म्हणजे इथेच बनलेला माल, असा अर्थ दुकानदारही घेतो. आणि नातवंडांना आकाश दाखवून आपण ‘कहोल’ म्हटले तर ती लगेच सुधारतात: “कहोल नाही, तखेलेत!”