मार्मोसेट पाळायचंय? आधी त्याचं कुटुंब समजून घ्या

काशीदलगतच्या फणसाड अभयारण्यातलं वानर पकडून पाळणं हा गुन्हा आहे, हे बहुतेकांना ठाऊक असतं. रील्समधलं तळहातावर मावणारं मार्मोसेट मात्र मूळचं ब्राझीलचं. वजन जेमतेम ३०० ग्रॅम. बंदिवासातही त्याची वीण होते. सुमारे ५ महिन्यांच्या गर्भधारणेनंतर बहुधा जुळी पिल्लं जन्मतात. पण खरी मेहनत बापाची! दूध पिण्यापुरती पिल्लं आईकडे, एरवी बाप आणि मोठी भावंडं त्यांना पाठीवर वागवतात. विक्रीसाठी पिल्लू लवकर वेगळं काढलं, की धाकट्यांना सांभाळायला शिकण्याची त्याची संधीच हुकते. २०२२ च्या वन्यजीव कायदा दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची मालकी, हस्तांतरण, जन्म आणि मृत्यू यांची सरकारी नोंद सक्तीची आहे. ती 'परिवेश' पोर्टलवर होते.