पहिला होम थिएटर घेताय? आधी पुढचे तीन स्पीकर ठरवा, रिसीव्हर नंतर

नवी पेठेतल्या एखाद्या दुकानात जाऊन "होम थिएटर दाखवा" म्हटलं, की तीन वेगवेगळ्या वस्तू समोर येऊ शकतात. पहिली म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट साउंडबार. दुसरी म्हणजे एकाच खोक्यात येणारा पाच स्पीकर आणि एका सबवूफरचा सेट, ज्याच्या खोक्यावर हजारो वॅटचा आकडा मोठ्या अक्षरात छापलेला असतो. तिसरी म्हणजे वेगळा एव्ही रिसीव्हर आणि त्याला जोडायचे वेगळे स्पीकर. ही तिसरी वस्तू सोलापुरात शोकेसमध्ये क्वचितच दिसते, बहुतेक वेळा मागवावी लागते. हा लेख तिच्याबद्दल आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, ऑडिओ इंजिनिअर नाही. पण मित्र, मावसभाऊ, ऑफिसातले लोक असं करत करत सात-आठ घरांत हे सेटअप बसवून दिलेत. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न तोच येतो: "किती वॅटचा घेऊ?" त्यामुळे तिथूनच सुरू करू.

वॅटचा आकडा नेमका काय सांगतो?

खोक्यावर पीएमपीओ असं लिहिलेलं दिसलं, तर तो आकडा सरळ विसरून जा. तो मोजायची कुठलीही सर्वमान्य पद्धत नाही. कंपनी हवा तो आकडा छापते. आरएमएस हा त्यातल्या त्यात प्रामाणिक आकडा. पण त्यालाही अटी असतात, आणि त्या बारीक अक्षरात लिहिलेल्या असतात.

उदाहरण घ्या यामाहाच्या आरएक्स-व्ही३८५ या ५.१ चॅनेलच्या सुरुवातीच्या रिसीव्हरचं. एकाच मशीनचे तीन आकडे कंपनीने स्वतःच दिलेत. दोन चॅनेल चालू, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ असा पूर्ण पट्टा, विकृती ०.०९ टक्के: ७० वॅट. फक्त १ किलोहर्ट्झचा एकच सूर आणि विकृती ०.९ टक्क्यापर्यंत चालवून घेतली: १०० वॅट. एकच चॅनेल चालू आणि विकृती तब्बल १० टक्के: १३५ वॅट. मशीन तेच आहे, फक्त परीक्षा सोपी करत नेली. यामाहाने निदान अटी उघड लिहिल्यात. म्हणून दोन रिसीव्हरची तुलना करताना दोघांचा पूर्ण पट्ट्याचा, दोन चॅनेलचा आकडा शोधा आणि तेवढाच समोरासमोर ठेवा. तो किती ओहमला मोजलाय हेही बघा, कारण कोणी ६ ओहमला मोजतं, कोणी ८ ला.

आता गंमत बघा. ७० वॅट आणि १०० वॅट यांच्यात आवाजाचा फरक किती? साधारण दीड डेसिबल. कान देऊन ऐकलं तर जाणवेल, एवढाच. वॅट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात, आणि आवाज कानाला "दुप्पट" वाटायला १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. दुकानदार ७० वरून १०० वर जायला आठ-दहा हजार जास्त सांगत असेल, तर तुम्ही कशाचे पैसे देताय ते लक्षात येईल.

त्याऐवजी स्पीकरच्या मागे किंवा माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी बघा. १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो हा आकडा. ८७ आणि ९० डेसिबल हे दोन स्पीकर शेजारी ठेवले, तर ९० वाल्याला तेवढ्याच आवाजासाठी निम्मे वॅट पुरतात. हा आकडा कोणी ओरडून सांगत नाही, पण बजेटमध्ये हाच कामाचा. साध्या हॉलमध्ये, अडीच-तीन मीटरवर बसून, नेहमीच्या आवाजात बातम्या किंवा मालिका बघताना स्पीकर एक वॅटसुद्धा धड खात नाही. बाकीचे वॅट असतात ते स्फोट, ढोल आणि क्लायमॅक्ससाठी.

पाच नको, आधी तीन

माझ्या आईची टीव्हीबद्दल एकच तक्रार होती: गाणं लागलं की घर हलतं आणि बोलायला लागले की काही कळत नाही. मग रिमोट हातात धरून बसायचं, आवाज वर-खाली करत. ही तक्रार तुमच्याही घरात असणार. आपल्याकडे सोलापुरात तर एकाच घरात मराठी, हिंदी, तेलुगू, कन्नड असं सगळं चालतं. पद्मशाली मित्राच्या घरी आजी तेलुगू सिनेमा बघते आणि नातू हिंदी डबिंग. शब्द स्पष्ट कळणं ही चैन नाही, तो निम्मा सिनेमा आहे.

यामागचं कारण साधं आहे. ५.१ मध्ये मिक्स केलेल्या सिनेमात बहुतेक सगळे संवाद मधल्या, म्हणजे सेंटर चॅनेलमध्ये असतात. डावा-उजवा चॅनेल मुख्यतः संगीत आणि इफेक्टसाठी. टीव्ही हे सगळं दोन छोट्या, बहुतेक वेळा खाली तोंड असलेल्या स्पीकरमध्ये कोंबतो आणि शब्द संगीताखाली दबतात. रिसीव्हर असेल तर सेंटर वेगळा वाजतो, आणि सेटिंगमध्ये जाऊन फक्त त्याचाच आवाज २-३ डेसिबल वाढवता येतो. आमच्या घरात वाद मिटला तो या एका सेटिंगमुळे.

"दोन चांगले स्पीकर घेतले तर आवाज मधूनच येतो की," असं कोणी म्हणेल. खरं आहे, पण फक्त बरोबर मध्ये बसणाऱ्याला. एक जण सोफ्याच्या टोकाला, दोघं खाली सतरंजीवर, बाबा दाराजवळच्या खुर्चीत, ही आपली बसायची पद्धत असेल तर खरा सेंटर हवाच.

म्हणून माझं मत: बजेट तुटपुंजं असेल तर पाच फालतू स्पीकर घेण्यापेक्षा पुढचे तीन चांगले घ्या. तिन्ही एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले, म्हणजे गाडी डावीकडून उजवीकडे गेली तर मध्येच तिचा आवाज बदलणार नाही. मागचे दोन सहा महिन्यांनी, वर्षाने घ्या. रिसीव्हरला तसं सांगितलं की तो मागच्या चॅनेलचा आवाज पुढे वाटून देतो, काही गाळत नाही. ॲटमॉसचं तर पहिल्या सेटमध्ये नावही काढू नका. वरच्या दिशेला आवाज फेकणारे स्पीकर छतावरून परावर्तनाच्या भरवशावर चालतात, त्याला सपाट, फार उंच नसलेलं छत लागतं. उतरत्या पत्र्याखाली तो खेळ जमत नाही.

पैशाची वाटणी मी अशी करतो. एकूण रकमेच्या निम्म्याच्या आत रिसीव्हर, उरलेलं स्पीकर आणि सबवूफरला. त्यात नवा रिसीव्हर बसत नसेल तर रिसीव्हर जुना घ्यायचा आणि स्पीकर नवे, उलटं नाही. कारण चांगला स्पीकर पंधरा-वीस वर्षं तसाच वाजतो. जुना होतो तो रिसीव्हर, आणि तोही ॲम्प्लिफायर म्हणून नाही, एचडीएमआयच्या आवृत्तीमुळे. एकाच खोक्यातल्या सेटवर माझा राग आहे तो इथेच. त्यातला मुख्य डबा बिघडला की स्पीकर धड असूनही सहसा दुसऱ्या कशाला जोडता येत नाहीत. रक्कम अगदीच कमी असेल, २०-२५ हजारांच्या आसपास, तर रिसीव्हरचा नाद सोडून आतच ॲम्प्लिफायर असलेली दोन चांगल्या स्पीकरची जोडी घ्या. संवाद टीव्हीपेक्षा खूपच बरे ऐकू येतील.

जुना रिसीव्हर घेताना

प्रत्येक चॅनेलला स्पीकर जोडून ऐका, प्रत्येक एचडीएमआय पोर्टला केबल लावून बघा, आणि आवाजाचं बटण फिरवताना खरखर येते का ते तपासा. सेटअपचा माइक मागून घ्या. तो ज्या त्या कंपनीचा वेगळा असतो, दुसऱ्याचा लावला तर मोजमाप चुकतं.

४के चालत नाही म्हणून एखादा चांगला जुना रिसीव्हर स्वस्तात मिळत असेल तर तो जरूर घ्या. चित्र त्याच्यातून न्यायचंच नाही. सेट-टॉप बॉक्स, फायर स्टिक सगळं टीव्हीला जोडायचं आणि टीव्हीतून फक्त आवाज रिसीव्हरकडे आणायचा. त्यासाठी दोन वाटा आहेत. एचडीएमआय एआरसी ही सोय २००९ च्या १.४ आवृत्तीपासून आली. टीव्हीच्या ज्या पोर्टवर एआरसी लिहिलंय त्यातच केबल लावायची, दुसऱ्यात लावून "चालत नाही" म्हणायचं नाही. ते नसेल तर ऑप्टिकल केबल. तिच्यातून स्टिरिओ आणि डॉल्बी डिजिटल ५.१ आरामात जातं. मग टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएमवर असेल तर ते ऑटो किंवा बिटस्ट्रीम करा. निम्म्या घरांत ५.१ चा सेट दोनच चॅनेल वाजवत असतो तो याच एका ओळीमुळे.

आणि मोबाइलवरून ब्लूटूथने सिनेमाचा आवाज पाठवत असाल, तर तो नेहमीच्या ब्लूटूथवर दोनच चॅनेलचा असतो. गाण्यांना ठीक आहे. सिनेमा मात्र टीव्हीच्या किंवा स्टिकच्या ॲपवरून लावा.

अमेरिकेतल्या काकांकडून रिसीव्हर मागवायचा मोह होतो, कारण तिथे किंमत कमी दिसते. तिथली मशीनं १२० व्होल्टवर चालतात, आपल्याकडे २३० येतात. थेट प्लग लावला तर जळेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर, त्याचं वजन, आणि इथे न मिळणारी वॉरंटी धरली तर बचत उरत नाही.

सबवूफर आणि शहाबादी फरशी

रिसीव्हरच्या सबवूफरच्या जागी फक्त सिग्नल बाहेर पडतो, ताकद नाही. त्यामुळे सबवूफर स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेलाच हवा. गल्लीतल्या कारागिराकडून प्लायवूडच्या पेटीत गाडीचे स्पीकर बसवून घेणार असाल तर अजून एक गोष्ट: गाडीचे स्पीकर बहुतेक ४ ओहमचे असतात आणि अनेक स्वस्त रिसीव्हर ६ ओहमच्या खाली घेत नाहीत. आवाज वाढवला की रिसीव्हर तापतो आणि स्वतःला बंद करतो, कधीकधी कायमचा.

ऑटो सेटअप झाल्यावर पुढचे स्पीकर "लार्ज" दिसले तर ते हाताने "स्मॉल" करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झला ठेवा. छोट्या स्पीकरवरचं खालच्या सुरांचं ओझं त्यामुळे सबवूफरकडे जातं आणि बाकीचा आवाज मोकळा होतो.

सबवूफर कुठे ठेवायचा हे डोळ्यांनी ठरत नाही. १४ फूट लांब खोलीत साधारण ४० हर्ट्झचा सूर दोन भिंतींमध्ये अडकून घुमतो, १० फूट रुंदीला ५६ च्या आसपासचा. म्हणून एका खुर्चीत बास धडधडतो आणि शेजारच्या खुर्चीत गायब. उपाय विनोदी दिसतो पण चालतो: सबवूफर तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बासवालं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेने रांगत फिरा. जिथे बास गच्च आणि एकसारखा वाटेल तिथे सबवूफर ठेवा. हे करताना घरचे व्हिडिओ काढतात, त्याला इलाज नाही.

आपल्या बहुतेक हॉलमध्ये खाली शहाबादी नाहीतर टाइल्स आणि चारही बाजूंना गुळगुळीत प्लास्टर. टाळी वाजवून बघा, झणझणाट ऐकू येईल. तोच झणझणाट संवाद बिघडवतो. स्पीकर आणि सोफा यांच्या मधल्या फरशीवर जाड जाजम टाका, खिडकीला जाड पडदे लावा. भिंतीवर सोलापुरी चादर लावायची कल्पना मला दोघांनी विचारली. लावा, पण भिंतीपासून तीन-चार इंच सोडून आणि चुण्या घालून. भिंतीला चिकटवलेली एकेरी चादर फक्त अगदी वरचे सूर थोडे शोषते. बासवर तिचा काही परिणाम होत नाही, शेजाऱ्यांच्या भिंतीतून तो जायचा तसा जातोच. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ची कायद्यातली मर्यादा ४५ डेसिबल आहे. रिसीव्हरमध्ये "नाइट" किंवा "डायनॅमिक रेंज" नावाचं सेटिंग असतं, ते चालू केलं की स्फोट दबतात आणि बोलणं वर येतं.

वायरीवर हजारो रुपये घालवू नका. इलेक्ट्रिकच्या दुकानातली शुद्ध तांब्याची दीड स्क्वेअर एमएमची फ्लेक्सिबल वायर पाच-सात मीटरसाठी भरपूर झाली. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर तेवढी टाळा. लाल टोक लालला, काळं काळ्याला. एका स्पीकरचं उलटं जोडलं गेलं तर काही जळत नाही, पण बास नाहीसा होतो आणि गायक खोलीभर विरघळल्यासारखा वाटतो.

ऐकून बघायला दुकानात त्यांनी लावलेला डेमो ऐकू नका, तो मुद्दाम निवडलेला असतो. तुम्हाला पाठ असलेलं काहीतरी न्या. मी 'सैराट'ची गाणी नेतो. सिनेमा आपल्या करमाळ्याकडचा, आणि अजय-अतुलनी त्यातली सिम्फनी हॉलिवूडच्या सोनी स्कोरिंग स्टेजवर रेकॉर्ड केलेली. व्हायोलिनचा मोठा ताफा आणि हलगी-ढोल एकाच गाण्यात आहेत, त्यामुळे स्पीकर कुठे गडबडतो ते लगेच कळतं. नंतर एखाद्या सिनेमातला कुजबुजत बोलण्याचा प्रसंग लावा, आवाज कमी ठेवून. शब्द न शब्द कळला तर स्पीकर घरी न्या.

घरी आणल्यावर रिसीव्हर टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात कोंबू नका. सोलापूरचा मे महिना ४० अंशांच्या वर असतो, त्यात या डब्याची स्वतःची उष्णता. वर किमान अर्धा फूट मोकळं सोडा, त्याच्यावर सेट-टॉप बॉक्स ठेवू नका, आणि व्होल्टेज खेळत असेल तर टीव्हीच्या स्टॅबिलायझरवर त्याचाही भार बसतोय का ते आधी बघून घ्या.